‘कापूस’ आला तो हंगाम

पाटस रोडवर पुन्हा उसाचे ट्रॅक्टर धावू लागलेत. एका ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, ट्रेलरवर उसाचा डोंगर आणि चालकाच्या डोक्यामागे कपाटाएवढे दोन स्पीकर. आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर येतो, मग रस्त्यावर सांडलेली कांडकी आणि त्यावर टपलेल्या शेळ्या. दौंडात माझं टी-शर्ट छपाईचं दुकान याच रस्त्यावर आहे. गळीत हंगाम सुरू झाला की दुकानाच्या काचा मार्चपर्यंत थरथरत राहतात. मला त्याचं काही वाटत नाही. काचेला थरथरण्यापलीकडे काही कळत नाही, हे मी समजू शकते. माणसांचं मात्र मला समजून घेता येत नाही. गेल्या हंगामात याच रस्त्यावर, याच स्पीकरांखाली, माझ्या भावाच्या चाहत्यांनी त्याची वाटणी करून घेतली. चाहते हा शब्द मी जरा सैल हातानं वापरते आहे.

भावाचं नाव नथनेल. घरी नथू. पोस्टरवर ‘नॅट’ छापतात, कारण नथू नावाच्या माणसानं काळा बनियन घालून किंचाळणं बरं दिसत नाही, असं कुणीतरी ठरवलं. आम्ही शिरूरचे. मिशनच्या आवारालगतच्या चाळीत वाढलो. रविवारी उपासनेला पायपेटी मी वाजवायची आणि नथू माझ्या पायांशी बसून पेटीच्या भात्याला कान लावायचा. सूर त्याला नको असायचे. आत हवा कशी धापा टाकते ते ऐकायचं असायचं. तेव्हाच आईनं ओळखलं होतं की हे पोर सरळ गाणं काही गाणार नाही.

पुढे तो कारेगावात खोली घेऊन राहू लागला, एका कंपनीत प्रेसवर लागला. पत्र्याच्या तक्त्यावर वरून लोखंडाचा घाव बसतो आणि गाडीच्या दाराचा तुकडा तयार होतो, ते काम. त्याच लाइनवर बिहारहून आलेला मनोज होता, त्याला ड्रम वाजवता यायचे. दोघांनी मिळून ‘गंज’ नावाचा बँड काढला. या प्रकाराला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात, असं मला एका गिऱ्हाइकानंच सांगितलं. यंत्रांचे आवाज, त्यावर गिटार, त्यावर ओरडणं. आई म्हणायची, ‘फडताळातली भांडी पडली की मी पन आल्बम काढते.’

पहिल्या अल्बमचं नाव ‘ठोका’. त्यात घाव बसायचा, थांबायचा, पुन्हा बसायचा, आणि नथू मध्येच कुणाचा तरी बाप काढावा तसा ओरडायचा. कारेगाव त्यावर वेडं झालं. मग ते गाणं कंपनीच्या बसमधून फोनवर गेलं, फोनवरून ट्रॅक्टरवर. आमच्याकडे गाण्याची परीक्षा एकच. ट्रॅक्टरवर वाजलं तर गाणं, नाही वाजलं तर उपासना. दोन ट्रेलर भरून ऊस ओढणाऱ्या इंजिनाच्या वर ऐकू आलं पाहिजे, वाटेतल्या वस्तीतली कुत्री उठली पाहिजेत, आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळून बघितलं पाहिजे. ‘ठोका’ पहिल्या नंबरानं पास झाला. त्या वर्षी मी काळ्या शर्टांवर पांढरा हातोडा छापून छापून थकले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नथू दुकानात आला. नेहमी माझ्या उजवीकडच्या स्टुलावर बसायचा, त्या दिवशी स्टूल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाला, ‘डाव्या कानानं तुझं निम्मंच कळतंय.’ मग सहज सांगावं तसं सांगितलं. खोलीवर कुकर लावला होता, शिट्ट्या होत राहिल्या, याला पत्ताच नाही. डाळ जळून खोलीभर धूर झाला तेव्हा शेजारी धावले. शिरूरच्या डॉक्टरांनी कान तपासले. बारीक, उंच आवाज डाव्या कानातून गेलेत, उजव्यातूनही जायला लागलेत. प्रेस सोडा, बँडचा धांगडधिंगा कमी करा, नाहीतर उरलंय तेही जाईल. कंपनी कानात घालायला फोमचे पिवळे प्लग देते, दर पाळीला देते. पण हा शहाणा ते काढून खिशात ठेवायचा, कारण यंत्राचा ठेका नीट ऐकायचा असायचा. कुणाला बोल लावायचा? प्रेमात पडून कान गमावले म्हणायचं.

‘कुनाला सांगू नको,’ तो म्हणाला. ‘मनोजला म्हाईत हाय, तुला म्हाईत हाय. बास. लोकांना कळलं तर कीव करून ऐकतील.’

‘मग ऐकू देत की कीव करून. ऐकतील तरी.’

‘न्हाई ताई. मला जसं ऐकू येतंय ना आता, तसं रेकॉर्ड केलंय. नाव ठेवलंय कापूस. लोकांनी एकदा, एकदाच, गप बसून ऐकावं. समोर बसून. ऐकलं तर प्रेस सोडून स्टोअरला बदली मागतो आन् उरलेल्या कानावर गंज चालू ठेवतो. न्हाई ऐकलं तर बंद. मग कान गेला काय, ऱ्हायला काय.’

मी शब्द दिला. त्या शब्दानं मला पुढचे चार महिने जे काही ऐकून घ्यायला लावलं, ते माझ्या वैऱ्यालाही ऐकायला लागू नये.

‘कापूस’मध्ये काय होतं ते आधी सांगते, कारण ज्यांनी ते ऐकलं त्यांना विचारून काही उपयोग नाही. सुपरवायझरची परवानगी काढून नथूनं आपल्याच प्रेसचा आवाज घेतला होता, तोही रेकॉर्डर कापसात गुंडाळून. त्यामुळे घाव लांबून येतो, शेजारच्या घरात कुणी उखळात काही कुटत असावं तसा. मग शिरूरच्या चर्चमधली आमची जुनी पायपेटी सुरू होते. ती मीच वाजवली आहे, कशासाठी ते तेव्हा न विचारता. सुरुवातीला सगळे सूर नीट असतात. हळूहळू वरचे सूर एकेक करून उठून जातात. मी वाजवते आहे हे कळतं, पण ऐकू येत नाही. शेवटी बराच वेळ नुसता तो खालचा घाव आणि भात्याची धाप उरते. त्याच्यापलीकडे काही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकानाचं शटर ओढून मी रडले होते.

अल्बम आला तेव्हा हंगाम ऐन भरात होता. पहिली परीक्षा अर्थातच ट्रॅक्टरवर झाली. पाटसजवळच्या वस्तीवरचा दत्ता नावाचा चालक आहे, शर्ट माझ्याकडूनच नेतो, ‘ठोका’चा पक्का भक्त. त्यानं मोठ्या हौसेनं ‘कापूस’ लावला. सूर गळू लागले तसा त्यानं आवाज वाढवला. आणखी गळाले, आणखी वाढवला. मग ट्रॅक्टर बाजूला घेऊन स्पीकरला दोन थापडा मारल्या. तरी काही नाही म्हणताना भरला ऊस रस्त्याकडेला सोडून, स्पीकर खांद्यावर घेऊन दौंडात दुरुस्तीवाल्याकडे आला. दुरुस्तीवाल्यानंही गाणं ऐकायच्या भानगडीत न पडता आतला चांगला भाग काढून नवा बसवला. गाणं लावलं, पुन्हा तेच. मग वायर बदलली. मग बॅटरीला शिव्या दिल्या. आठवडाभरात अशा किती जणांचे धडधाकट स्पीकर त्याच्या दुकानासमोर रांगेत पडले होते! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातला प्रकार. एकाच्याही मनात आलं नाही की हे मुद्दाम असेल. गाणं शांत होतं म्हणजे काहीतरी बिघडलंय, याची सगळ्यांना पक्की खात्री.

ते निदान अडाणीपण होतं, प्रामाणिक होतं. खरा वैताग शहाण्यांचा.

कारेगावच्या चाहत्यांचा म्होरक्या संतोष. कुठल्याशा कंपनीत मालाची तपासणी करतो आणि त्या नादात जगातल्या सगळ्याच गोष्टी पास-नापास करतो. तो अंगात ‘ठोका’चा शर्ट घालून माझ्या दुकानात आला आणि गल्ल्यावर मूठ आपटून म्हणाला, ‘ताई, नॅटभाऊ विकला गेला. पुण्याच्या लोकांना खूश करायला निघालाय.’

‘असं होय.’

‘मग! अवो, ठोकामधी खरी प्रेस हाय. शंभर टनाची. मी दिवसभर ऐकतो, मला कुनी शिकवू नये. आन् ह्या कापसात? कॉम्प्युटरवर बनवलेली फुसकी प्रेस. खऱ्या प्रेसचा आवाज असा असतोय व्हय?’

मी गल्ला उघडून उगाच चिल्लर मोजायला घेतली. कारण ‘ठोका’मधली ती शंभर टनाची प्रेस म्हणजे आमच्या आईची ज्वारी ठेवायची पत्र्याची कोठी आहे. शिरूरच्या घरी, दुपारी, नथूनं तिच्या झाकणावर वरवंटा आपटून तो आवाज घेतला होता, आणि आई शेवटपर्यंत ‘कोठीला पोचा पडंल’ म्हणून ओरडत होती. कान देऊन ऐकलं तर एका ठिकाणी आईचा आवाज ऐकूही येतो. खरी प्रेस आहे ती ‘कापूस’मध्ये. संतोष दिवसभर जसली ऐकतो तसलीच. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण इथे खळखळाटाला पाणीसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या बाजूला दौंडचे प्रसाद सर. गणिताचे क्लास घेतात, बोलताना डोळे मिटतात. त्यांना ‘कापूस’ अतोनात आवडला होता. आवडला म्हणजे त्यावर बोलायला आवडलं. ते म्हणाले, ‘ताई, ठोका म्हणजे बालिशपणा होता. हे प्रौढ काम आहे. ही शांतता म्हणजे कामगाराचा मूक निषेध आहे. यंत्रसंस्कृतीला दिलेला नकार आहे.’

‘पूर्ण ऐकलंत का, सर?’

‘ऐकायची गरज नसते हो प्रत्येक गोष्ट. समजली की पुरे. शेवटचा भाग मी पुढे ढकलतो, तिथं काही घडत नाही.’

मला त्या क्षणी संतोष बरा वाटला, इतकं सांगितलं म्हणजे पुरे.

मग दोन्ही गटांनी शर्टांची ऑर्डर दिली. कारेगावकरांच्या शर्टावर ‘ठोकाच खरा’. प्रसाद सरांच्या विद्यार्थ्यांच्या शर्टावर ‘कापूस कळायला कान लागतात’. मी दोन्ही छापले. दुसऱ्याच्या वेळी छपाईची जाळी मी रागाच्या भरात नीट न धुताच लावली आणि पहिले दोन शर्ट डागाळले. ते मी फाडून पोतेरं केलं. आजही दुकानाची फरशी त्यानंच पुसते, आणि पुसताना मला समाधान मिळतं हे लपवत नाही.

फोनवर तर रोज महाभारत. कुणी म्हणे गंज संपला, कुणी म्हणे गंज आत्ता सुरू झाला. कुणी नथूच्या फोटोवर फुली मारली, कुणी त्याच फोटोभोवती तेजोवलय काढलं. केंदूरच्या एका लग्नात वरातीत ‘ठोका’ लावायचा की ‘कापूस’, यावरून नवऱ्या मुलाच्या मित्रांत बाचाबाची झाली. ‘कापूस’वर वरात! तेवढा भाग मात्र मला बघायला आवडला असता. या सगळ्या गदारोळात एका माणसानंही नथूला विचारलं नाही की बाबा, नाव ‘कापूस’ का ठेवलंस? दिवसभर कानात फोम कोंबून काम करणाऱ्या हजारो माणसांच्या गावात, एकानंही नाही.

हंगामाच्या शेवटी, कंपन्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी कारेगावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर कार्यक्रम ठरला. दोन्ही गटांनी मिळून ठरवला, कारण दोघांनाही दुसऱ्याचा पराभव प्रत्यक्ष बघायचा होता. मी दौंडहून एसटीनं शिरूरला जाऊन आईला घेतलं. मैदानात डावीकडे ‘ठोकाच खरा’, उजवीकडे ‘कापूस कळायला कान लागतात’, लग्नात दोन्ही घरचे बसतात तसे. सगळे शर्ट माझे. इतक्या मूर्खांना एकदम कपडे पुरवल्याचा मान तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

जुनी गाणी आधी झाली. डावी बाजू नाचली, उजवी बाजू मोबाइल बघत बसली. मग दिव्यांचे झोत थेट नथूच्या तोंडावर आले. त्यानं खिशातून ते पिवळे प्लग काढले, चिमटीत वळले आणि लाइनवर उभं राहताना घालतात तसे दोन्ही कानांत घातले. प्रसाद सरांनी शेजारच्याला त्याचा अर्थ समजावून सांगितला. ‘कापूस’ सुरू झाला.

लांबचा घाव आला. रेकॉर्डमधली माझी पायपेटी आली. आईनं माझा हात धरला. पहिला सूर गळाला आणि डावीकडून पहिली शिट्टी आली. मग दुसरी. मग दोन बोटं तोंडात घालून मारतात तसल्या, रानातली पाखरं उडवायच्या, कान फाडणाऱ्या शिट्ट्या, शंभर तोंडांतून. त्यांना गप्प करायला उजवीकडचे सगळे मिळून ‘शूऽऽऽ’ करू लागले. शिट्ट्या वाढल्या तसं शूऽऽऽ वाढलं. शेवटचा शांत भाग आला तेव्हा मैदानात शिट्ट्या आणि शूऽऽऽ याखेरीज काहीही नव्हतं. विरोध करणाऱ्यांनी ऐकलं नाही, कौतुक करणाऱ्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या गर्दीत बसून मलाही ऐकू आलं नाही. त्या दिवशी मला दोन्ही बाजूंचा सारखाच तिटकारा आला, आणि मी तो अजून नीट जपून ठेवला आहे. नथू मात्र डोळे मिटून, मान किंचित उजवीकडे कलती करून, एका लयीत डुलत होता.

मी आईला खुर्चीवरच थांबायला सांगून स्टेजमागे गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. लोक गाढव आहेत, गाढवाला गुळाची चव काय, असं काहीतरी. मनोज वायरी गुंडाळत होता. नथूनं कानातले प्लग काढले आणि माझ्याकडे बघून हसला. लहानपणी भात्याला कान लावून बसलेला असताना हसायचा, तसा.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘किती गप बसून ऐकलं गं लोकांनी.’

मला आधी कळेचना. मग कुकर आठवला. शिट्ट्या. बारीक, उंच आवाज. आणि शूऽऽऽ तर त्याहून बारीक. त्यात कानात प्लग आणि डोळ्यांवर दिवे.

‘मला वाटलं व्हतं बोंबलतील. एक शब्द न्हाई. एक हाळी न्हाई. शेवटपतोर.’

मी मनोजकडे बघितलं. त्यानं वायरीवरून नजर न उचलता म्हटलं, ‘हाँ भैया. सब चुप थे.’

नथू माझ्याकडे बघत थांबला. माझ्या ओठांकडे बघत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

‘व्हय,’ मी म्हणाले. ‘सगळे गप होते.’

पुढच्या महिन्यात त्यानं स्टोअरला बदली घेतली. आता तो नटबोल्टच्या खोक्यांमध्ये बसतो, दिवसभर त्याला यंत्राचा आवाज येत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी मनोजबरोबर नवीन काहीतरी रचत असतो. उजवा कान अजून टिकून आहे. मी जे बोलले त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. फक्त तो माणसांविषयी चांगलं बोलू लागला की मला दुसरीकडे बघावं लागतं. ‘आपले लोक दिसत्यात तसे न्हाईत, ताई,’ असं म्हणतो. मी म्हणते, ‘नाहीत ना.’

आणि आपले लोक? गेल्या आठवड्यात संतोष आला. नथू नवीन अल्बम करतोय हे त्याच्या कानावर गेलंय. म्हणाला, ‘आता काय करतोय कोन जाणे. कापूस म्हंजी कापूस होता. शेवटचं खरं काम.’ त्याला ‘कापूस’चा शर्ट हवा होता, जुना झाल्यासारखा दिसणारा, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून त्याच बाजूला होता असं वाटेल. मी छापून दिला. प्रसाद सर हल्ली ‘ठोका’कडे वळलेत. त्यात म्हणे एक आदिम निरागसता होती. गाढवानं शेत खाल्लं, ना पाप ना पुण्य.

हे सगळं लिहायला मी आज बसले नसते. काल दुपारी दुकानासमोर ट्रॅक्टर अडकले. पुढे कुणाचा तरी ट्रेलर कलंडला होता. माझ्या दारापाशी नेमका दत्ता, आणि त्याच्या स्पीकरवर ‘कापूस’. मी काउंटरवर हात टेकून बघत राहिले. पेटीचे वरचे सूर उठून जाऊ लागले. आता हा आवाज वाढवणार, मग थापड मारणार, मग खाली उतरून वायर हलवणार, याची मला खात्री होती. तोंडात मावेल तेवढा कडवटपणा मी तयार ठेवला होता.

दत्तानं हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

नुसता घाव उरला, आणि भात्याची धाप. दत्ता स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसला होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. संपेपर्यंत बसला. संपल्यावर मी पायरीवर येऊन विचारलं, ‘काय झालं रे, दत्ता? बिघडला का?’

‘न्हाई ताई,’ तो म्हणाला. ‘इंजिन चालू असलं की ह्यातलं शेवटचं ऐकायला येत न्हाई.’

आत येऊन मी फोन उचलला. नथूला फोन करून उपयोग नसतो, त्याला लिहावं लागतं. लिहिलं, ‘आज एक माणूस खरंच गप बसून कापूस ऐकत होता.’ पाठवायच्या आधी एकदा वाचलं. मग त्यातला ‘खरंच’ काढून टाकला आणि पाठवलं.